मोजून बांधलेलं गाव रिकामं का वाटतं?

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यात शकुंतला या छोट्या रेल्वेच्या मार्गावरचं एक तालुक्याचं गाव, साल १९९२, कापसाचा हंगाम. बारा वर्षांचा पोरगा सायकलवरून जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला असलेल्या बापाचा डबा पोचवतो आणि वाटेत गावकऱ्यांची बारीकसारीक कामं करतो. हा खेळ एकट्याने बनवताना तुम्ही उपग्रहाच्या नकाशावरून गाव मोजलं आणि युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं उभं केलं. खेळून पाहणारे म्हणाले, कंटाळा येतो. मग सगळंच निम्म्यावर आणलं, तर गावातले मित्र म्हणाले, "हे आपलं गाव नाही वाटत बे." आता खरेपणा ठेवायचा की खेळ, असं तुम्ही विचारलंय.

मी लेव्हल डिझायनर आहे, म्हणजे खेळातली जागा आखणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. मूळचा कारंजा-मानोऱ्याकडचा. काही वर्षं पुण्यात स्टुडिओत काढली, आता गावाकडूनच काम करतो. तुमचं गाव पाहिलेलं नाही, पण तसली गावं पायाखालची आहेत.

माझ्या मते तुम्ही गाव नकाशाच्या हिशेबाने खरं केलंत. नकाशा वरून बघतो, खेळणारा सायकलच्या सीटवरून. वरून बघणाऱ्याला अंतरं दिसतात. सीटवरच्या माणसाला कशानंतर काय येतं, कुठून काय दिसतं आणि कुठे कोण अडवतं, एवढंच कळतं. गाव ओळखीचं वाटतं ते या तिघांमुळे. ते सांभाळलं तर अंतराला बिनधास्त कात्री लावा. ते मोडलं तर प्रत्येक घर जागच्या जागी असूनही गावातलाच माणूस चुकल्यासारखा फिरतो.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगून टाकतो. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सगळी पृथ्वी खऱ्या मापाची आहे आणि ते शोभतं, कारण विमानाच्या वेगाला तेवढी जागा लागते. तुमची गोष्ट दोन कोस पाणी वाहून आणणाऱ्या बाईची असती, तर मी म्हटलं असतं की अंतराला हात लावू नका. तिथे अंतर हीच गोष्ट आहे. जुनं गाव पुढच्या पिढीसाठी नोंदवून ठेवायचं असेल तरी मोजमाप सोडू नये. डोळ्यांवर चष्मा चढवून खेळायचा व्हीआर असेल तर दाराची उंची वीतभर चुकली तरी अंगाला कळते. पण तुमचा खेळ सायकलचा, कॅमेरा पाठीमागून, तो साध्या फोनवरही चालायला हवा, आणि खेळणारा तेच रस्ते पुन्हा पुन्हा कापणार. पुढचं सगळं हे चार मुद्दे धरून आहे.

आता हिशेब. स्टँडपासून जिनिंगपर्यंत तुम्ही अडीच किलोमीटर ठेवलेत. सायकलचा वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १४ किलोमीटर. पोराच्या मानाने ठीक. २,५०० भागिले ४ म्हणजे ६२५ सेकंद, दहा मिनिटांच्या वर. खऱ्या आयुष्यात या दहा मिनिटांत मांडीला पायडलचा जोर कळतो, ऊन मानेवर बसतं, हँडलला अडकवलेला डबा गुडघ्याला लागत राहतो आणि निदान दोघं तरी "कुठी चालला बे" म्हणून थांबवतात. स्क्रीनवर यातलं दिसणं आणि ऐकणं तेवढं उरतं, हाताशी दोन अंगठे. दहा मिनिटं भरून काढायला तेवढं पुरत नाही.

म्हणून मी उलट्या टोकाकडून मोजतो. आधी ठरवतो की ही फेरी किती वेळ चालली तर अंगावर येणार नाही, आणि वेगाने गुणून अंतर काढतो. रोज करायच्या फेरीला मी दीड मिनिटाच्या पुढे जात नाही. ९० गुणिले ४, म्हणजे ३६० मीटर. तुमच्या अडीच किलोमीटरचा सातवा हिस्सा. ऐकायला भयंकर वाटेल, पण मोठ्या खेळांतही हेच चालतं. २०१३ च्या जीटीए ५ मधलं लॉस सँटोस हे लॉस एंजेलिसवरून केलंय. खरं शहर गाडीने ओलांडायला तास जातो, खेळातलं काही मिनिटांत संपतं. त्यांनी ओळखीच्या जागा ठेवल्या आणि मधली मैलोन्‌मैल सारखी दिसणारी वस्ती गाळली. खेळणाऱ्याला ती गाळलेली वस्ती आठवतही नाही.

तुमचा निम्म्यावर आणण्याचा प्रयोग बिघडला तो नेमका इथे. तुम्ही सगळ्या मॉडेलला एकदम ०.५ ने गुणलं. त्यामुळे दारं, ओटे, पानठेलेही निम्मे झाले. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये ओट्यावर बसलेला म्हातारा उभा राहिला तर छपराला डोकं लागेल. माणसाच्या अंगाशी ज्याचा संबंध येतो त्याचं माप कधी कमी करू नका: दार, पायरी, ओटा, हातपंप, सायकल, बंडी. कमी करायची ती संख्या. तीस घरांच्या गल्लीतली सहा ठेवा, पण पुऱ्या मापाची. कुठली सहा? कोपऱ्यावरचं, उंच ओट्याचं, ज्याच्या दारात कडुनिंब आहे ते, पिठाची चक्की असलेलं, ज्या घरातून कुत्रं अंगावर येतं ते, आणि एक बंद पडलेलं. उरलेली चोवीस गावातल्या माणसालाही ओळीने सांगता येणार नाहीत.

उलट काही ठिकाणी माप वाढवावं लागेल. पाठीमागचा कॅमेरा सायकलच्या मागे तीन-चार मीटर असतो. खरी बोळ दोन मीटरची असेल तर वळताना तो भिंतीत घुसणार आणि खेळणाऱ्याला विटांचा आतला भाग दिसणार. बोळ साडेतीन मीटरची करा आणि अरुंदपणा दुसरीकडून आणा. भिंती थोड्या उंच, कवेलूचं छप्पर रस्त्यावर झुकलेलं, दोरीवर वाळत टाकलेली लुगडी, दारात उभी केलेली खाट. डोळ्याला ती बोळच वाटते. घराच्या आत जायचं असेल तर छतही चढवावं लागेल. खेळातल्या खोल्या कायम अशा फुगवलेल्या असतात आणि त्याची तक्रार सहसा येत नाही.

गाळण्याचं माझं आवडतं उदाहरण २०१३ च्या सिमसिटीचं आहे. त्याचे प्रमुख डिझायनर स्टोन लिब्रांडी यांनी मुलाखतीत सांगितलंय की खऱ्या अमेरिकन दुकानांच्या पार्किंगच्या जागा मोजल्यावर त्यांचे डोळे पांढरे झाले. दुकानापेक्षा पार्किंग मोठं. तसंच ठेवलं असतं तर खेळात पार्किंगशिवाय काही दिसलं नसतं, म्हणून त्यांनी ते जमिनीखाली आहे असं धरून टाकलं. शहरांच्या नियोजनाचाच खेळ, आणि त्यातून शहराची एवढी मोठी गोष्ट उडवली. आपल्याकडे पार्किंगच्या जागी काय येईल? माझ्या मते सरकारी आवारं. तहसील, पंचायत समिती, विश्रामगृह, बांधकाम खात्याचं गोदाम, सगळ्यांची भली मोठी कुंपणं. तुमच्या पोराला त्यातलं फक्त तहसीलचं फाटक आणि बाहेरचा अर्जनवीस लागतो. फाटक ठेवा, आवार सोडा.

आता क्रम आणि खुणा. केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या रहिवाशांशी बोलून, त्यांच्याकडून आठवणीतले नकाशे काढून घेऊन १९६० साली मांडलं की माणसं शहर पाच गोष्टींनी लक्षात ठेवतात: वाटा, कडा, मोहल्ले, नाके आणि खुणेच्या जागा. लेव्हल डिझाइन शिकवणारे आजही तिथूनच सुरुवात करतात. तुम्हीही हेच करा. गावातल्या आठ-दहा जणांना कोरा कागद द्या आणि स्टँडपासून जिनिंगपर्यंतचा रस्ता आठवून काढायला सांगा. अंतरं सगळ्यांची चुकतील. क्रम जवळपास सगळ्यांचा सारखा येईल: स्टँड, मग रसवंती, मग मारोती, गुजरी म्हणजे भाजीबाजार, टॉकीज, रेल्वेचं फाटक, जिनिंग. जे प्रत्येक कागदावर आहे ते खेळात हवंच, आणि त्याच क्रमाने. एखाद्याच कागदावर आलेलं सोडता येईल.

फक्त कागद कोणाला देता ते बघा. पानठेल्यावरच्या मित्रांनाच दिला तर पानठेलेच येतील. म्हाताऱ्या बाईच्या नकाशात विहीर, चक्की आणि दवाखाना असतो. शाळकरी पोराच्या नकाशात बोरीचं झाड, पडका वाडा आणि जिथे पंक्चर फुकट काढून मिळतं ती जागा. तुमचा नायक बारा वर्षांचा आहे, तेव्हा १९९२ साली जे बारा वर्षांचे होते त्यांना गाठा. आज ते चाळिशी ओलांडून बसलेत आणि ऐकणारा मिळाला तर तासभर थांबत नाहीत.

खुणेच्या जागेबद्दल तुम्ही लिहिलंय की गावची पाण्याची टाकी १९९२ नंतरची म्हणून काढून टाकली. यावर एक मजेदार दाखला आहे. २०१४ च्या असॅसिन्स क्रीड युनिटी या खेळात फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं पॅरिस आहे आणि त्यातल्या नोत्र-दाम चर्चवर जो टोकदार मनोरा दिसतो तो व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाचा आहे, १८५९ साली पुरा झालेला. म्हणजे राज्यक्रांतीनंतर सत्तर वर्षांनी. २०१९ च्या आगीत पडला तो हाच. तरी तो खेळात ठेवला, कारण लोकांच्या डोळ्यांत नोत्र-दामची आकृती त्याच्याशिवाय पुरी होत नाही, आणि चढायचा खेळ असल्यावर वर टोक लागतंच. त्यांचं त्यांना चाललं. तुमच्या बाबतीत मी टाकी परत आणणार नाही. तुमचा अर्धा गिऱ्हाईकवर्ग गावातलाच आहे आणि पहिल्या दिवशी कोणीतरी विचारेल, "टाकी तं मागून झाली ना?" पण टाकी गेल्यामुळे तुमच्या गावात दुरून दिसणारं काहीच उरलं नाही, म्हणून नवखे खेळणारे भटकतात. तुमच्या फोटोत जुन्या जिनिंगचं विटांचं धुराडं दिसतं. ते १९९२ मध्ये होतंच. त्याला वर न्या, खऱ्यापेक्षा दीडपट उंच करा, आणि स्टँडवरून निघाल्याबरोबर कवेलूंच्या वर त्याचं टोक दिसेल असा पहिला रस्ता वळवा. मग बाण दाखवावा लागणार नाही. पोरगं धुराड्याकडे चाक फिरवेल.

आता तुमच्या खेळातली सगळ्यात दमदार जागा, जिच्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीय: संकलन केंद्रापुढची बंड्यांची रांग. तरुण वाचकांसाठी सांगतो. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कास्तकाराने कापूस खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, पणन महासंघाच्या केंद्रावरच आणायचा. हंगामात बंड्यांची अशी रांग लागायची की माणसं रात्र रात्र बैलांपाशी झोपायची. तुमच्या गावात केंद्र जिनिंगच्याच आवारात होतं, म्हणजे पोराचा डबा या रांगेतूनच जाणार. तुम्ही दोनशे बंड्या उभ्या केल्या आणि फोन बसला. बसणारच. चारशे बैल म्हणजे फोनने हलवायचे चारशे सांगाडे, प्रत्येकाची शेपूट हलायला हवी.

दोनशे बंड्या दाखवायची गरज नाही, दोनशे आहेत असं वाटलं पाहिजे. रस्त्याला दोन वळणं द्या. कुठल्याही एका जागेवरून डोळ्यासमोर आठ-दहापेक्षा जास्त बंड्या येऊ देऊ नका, आणि प्रत्येक वळणापलीकडे पुढची बंडी अर्धी दिसत राहील असं बघा. शेवट दिसला नाही की माणूस मनाने रांग लांबवतो. पहिल्या चार-पाच बंड्यांच्या बैलांना पूर्ण हालचाल, मागच्यांना फक्त मान, त्यामागे नुसते आकार. बाकी काम आवाजाकडून करून घ्या. घुंगरं, दूरवरून "पुढं घे रे" अशी हाळी. एखाद्या कास्तकाराच्या तोंडी टाका की शेवटची बंडी नाल्यापलीकडे गेली म्हणे. ते वाक्य शंभर बंड्यांचं काम करतं आणि त्याला प्रोसेसर लागत नाही.

आणि रांग नुसती शोभेची ठेवू नका. ती भिंत आहे. पोराला जिनिंगच्या फाटकापर्यंत जायचं तर दोन बंड्यांच्या मधून सायकल काढावी लागेल, बैलाच्या तोंडापुढून. एक बैल मारका असू द्या. एक कास्तकार तंबाखूची पुडी आणायला सांगेल आणि त्याच्या बदल्यात जागा देईल. दुसऱ्या दिवशी तोच माणूस रांगेत आणखी पुढे सरकलेला असेल, फक्त चार बंड्यांनी. तिसऱ्या दिवशी ग्रेडरने त्याच्या कापसाला खालचा दर्जा दिलेला असेल. हे एवढं खेळणाऱ्याने चालता चालता बघितलं तर १९९२ चा विदर्भ त्याला कळला, आणि तुम्हाला कुठे माहितीचा फलक लावावा लागला नाही. मला विचाराल तर तुमच्या वेळेतला अर्धा वेळ या शंभर मीटरवर घाला आणि बाकी गाव उरलेल्या अर्ध्यात आटपा.

हीच गोष्ट माणसांना लागू. रस्त्यावरची गर्दी मोठ्या खेळांतही खोटीच असते. जीटीएसारख्या खेळात गाड्या आणि माणसं तुमच्या आसपास तेवढी निर्माण होतात आणि नजरेआड गेली की नाहीशी होतात. शहरात ते खपतं, कारण शहरात अनोळखी माणूस ही साधी बाब आहे. तालुक्याच्या गावात अनोळखी माणसांची झुंड फिरताना दिसली की यात्रा आहे की काय असं वाटतं. तुम्हाला दोनशे चेहरे नकोत, पंचवीस पुरेत, पण त्यांना दिवस हवा. चक्कीवाला सकाळी चक्कीवर, दुपारी ओट्यावर लवंडलेला, संध्याकाळी मारोतीच्या पारावर. याकुझा या जपानी खेळांच्या मालिकेतला कामुरोचो हा मोहल्ला बघा. तोक्योच्या काबुकिचोवरून बेतलेला, २००५ पासून भागांमागून भाग त्याच चार-दोन गल्ल्यांत घडतात. टोकापासून टोकापर्यंत पळायला काही मिनिटं लागतात. तरी तो खेळणाऱ्यांना आपल्या गल्लीइतका पाठ आहे, कारण तिथे परत परत जावं लागतं आणि दर वेळी काहीतरी बदललेलं असतं. याच्या उलट २०११ चं एलए नॉयर. १९४७ चं लॉस एंजेलिस जुन्या हवाई छायाचित्रांवरून फार मेहनतीने उभं केलंय, पण तपासाच्या जागा सोडल्या तर त्या रस्त्यांवर करायला थोडंच आहे. बघायला सुंदर, थांबायला कारण नाही. तुमचं पहिलं मॉडेल मला त्या वाटेवरचं वाटलं.

कात्रीबद्दल एक गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. गाव लहान करताना पहिल्यांदा काय उडतं? कडेचं. आणि आपल्या गावांत कडेला कोण राहतं ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. तुमच्या निम्म्या केलेल्या मॉडेलमध्ये बाजारचौक, मारोती, सावकाराचा वाडा, सगळं शाबूत आहे. भीमनगर आणि तांडा गेला. मुद्दाम केलं नसणार. नकाशाच्या मध्यावरून आत ओढत आलं की असंच होतं. पण जिनिंगमध्ये गाठी बांधणारे, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, पोराचा बाप ज्यांच्याबरोबर डबा खातो ती माणसं कुठून येतात? दिवसभर रस्त्यावर दिसतील आणि संध्याकाळी कुठे जातात ते खेळाला माहीतच नसेल. मी असतो तर वाड्यांची संख्या कमी केली असती आणि वस्तीच्या दोन गल्ल्या ठेवल्या असत्या. विहार, त्यावरचा पंचशील झेंडा, समोरचा हातपंप. तांडा पुरा बांधायला जमणार नसेल तर त्याची वाट आणि त्या वाटेने येणारी माणसं तरी हवीत. आणि बापाचं घर कुठल्या मोहल्ल्यात आहे ते पक्कं करा. ते मोघम ठेवलंत तर डब्यात काय आहे, वाटेत कोण थांबवतं, कुठल्या विहिरीवर पाणी प्यायला मिळतं, सगळंच मोघम होईल.

वेळेचं गणितही असंच आहे. जीटीए ५ मध्ये पूर्ण दिवस ४८ मिनिटांत उलटतो. तुम्ही दिवस २४ मिनिटांचा ठेवलाय, म्हणजे खेळातला तास एका मिनिटाचा. मग दीड मिनिटाच्या फेरीत दीड तास जातो. बारा वाजता निघालेला डबा दीड वाजता पोचतो, गावातल्या गावात! कोपऱ्यातलं घड्याळ काढून टाका, कोणाच्या लक्षात येणार नाही. गावात वेळ कळते ती जिनिंगच्या भोंग्यावरून, शाळेच्या घंटेवरून, मशिदीतल्या बांगेवरून. सूर्य घड्याळावर न हलवता कामांवर हलवा. डबा पोचला की दुपार, चक्कीचं पीठ नेऊन दिलं की ऊन कललं. आठवडी बाजार सात दिवसांनी येईपर्यंत खेळ संपेल, तो तिसऱ्या दिवशी भरवा. हंगाम दिवाळीनंतरचा धरलात तर पोळा दाखवता येणार नाही, आणि तो ओढूनताणून आणू नका. तिथे गावकरी सोडणार नाहीत.

शकुंतला मात्र खऱ्या वेळेत चालू द्या. तुमच्या सालाला ती वाफेवर होती. १९९४ मध्ये डिझेल इंजिन आलं. नॅरोगेजची छोटी गाडी, वेग पाहून सायकलवाल्यालाही शर्यत लावावीशी वाटेल असा. फाटकापाशी ती आडवी आली की खेळणाऱ्याला वीस-पंचवीस सेकंद थांबावं लागेल. सगळं गाव आपण आकसलंय, तेव्हा एक थांबणं पुऱ्या लांबीचं राहिलं तर गावाला वजन येतं. फक्त ती रोजच्या फेरीत येऊ नये. दोन-तीन दिवसांतून एकदा, आणि शर्यत लावायला रुळाच्या कडेने एक पायवाट ठेवा.

गाव कुठे संपवायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. अदृश्य भिंत लावू नका. सायकल हवेत आपटून थांबली की इतक्या कष्टाने उभं केलेलं सगळं क्षणात खोटं होतं. आपल्याकडे बिनखर्चाच्या कडा आहेत. पांदणीत शिरलं की बाभळीचे काटे, दहा-वीस मीटरवर पंक्चर, आणि सायकल ढकलत परत. एकदा झालं की खेळणारा पुन्हा तिकडे जात नाही, उलट दुसऱ्याला सांगतो. पावसाळ्याचा भाग करायचा तुमचा विचार आहे, तेव्हा तर काळी मातीच पुरे. मडगार्डमध्ये चिखल असा बसतो की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. रेल्वेच्या पलीकडे पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वावरं लांबवर दिसू द्या, फक्त जाऊ देऊ नका. धुऱ्यावर राखण करणारा म्हातारा हाकलेल. लांबवर दिसणारं जेवढं मोठं, तेवढं आतलं गाव लहान असल्याचं कळत नाही.

एक व्यवहाराचं. गावाचं नाव बदला. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने लॉस एंजेलिसला लॉस सँटोस म्हटल्यावर अमकी गल्ली तमक्या ठिकाणी का नाही, हा वाद फिका पडला. खरं नाव ठेवलंत तर लोक मोजपट्टी घेऊन येतील. नाव बदललंत तर तेच लोक म्हणतील, "हे तं आपलंच गाव हाये, नाव काऊन बदललं?" दुसरी तक्रार तुम्हाला परवडते. दुकानांच्या पाट्यांवर खऱ्या माणसांची नावंही घालू नका; त्यावरून गावात भांडणं होतील आणि ती खेळाबद्दल नसतील.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. मोजलेलं मूळ मॉडेल फेकू नका, ते संदर्भ म्हणून वेगळ्या सीनमध्ये राहू द्या. नव्या सीनमध्ये रंग, पोत, कवेलू काही नको, नुसते राखाडी ठोकळे. युनिटीत एक युनिट म्हणजे एक मीटर हे धरून, दार दाराएवढं ठेवून, ३६० मीटरचा रस्ता आणि कागदांवरून निघालेला क्रम मांडा. त्यावर सायकल फिरवा. मग दोन माणसांना खेळायला द्या, एक गावातला आणि एक विदर्भ कधी न पाहिलेला, कोकणातला असला तर उत्तम. दोघांनाही नकाशा नाही, बाण नाही, फक्त "जिनिंगला जा" एवढंच सांगा आणि मागे गप्प उभे राहा. गावातला माणूस ठोकळ्यांकडे बघून "आता गुजरी येते" म्हणाला की क्रम जमला. बाहेरचा माणूस कुठे थांबला, कुठे चुकला, कुठे त्याचा अंगठा नुसता पुढे दाबून राहिला ते लिहून घ्या. नुसता दाबून राहिलेला भाग म्हणजे अजून कापायची जागा. दोघांची मतं विरुद्ध आली तर रस्त्यांच्या क्रमाबाबत गावातल्याचं ऐका आणि लांबीबाबत बाहेरच्याचं.

ठोकळ्यांचं गाव झालं की त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ टाका. मी बघून सांगतो. तोवर बैलांचे नवे मॉडेल करत बसू नका.